मानसिक आरोग्यविषयक लोकजागृतीचे परिणाममापन

मानसिक आजारांची लक्षणे, कारणे व उपचार यांविषयी सर्वसामान्य जनतेस माहिती देणे, रुग्णांविषयीचे पूर्वग्रह दूर करणे आणि गरजू व्यक्तींना वेळीच मदत घेण्यास प्रवृत्त करणे, या हेतूंनी हाती घेतलेल्या मोहिमांचे प्रत्यक्ष फलित काय झाले, हे शास्त्रीय पद्धतीने ठरविण्याच्या प्रयत्नांना ही संज्ञा लावण्यात येते. पटकी वा देवी यांसारख्या साथीच्या रोगांविरुद्धच्या मोहिमेचे यश रोगी किती कमी झाले यावरून सांगता येते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात असा सरळ मापदंड नाही. मोहिमेनंतर रुग्णांची नोंद वाढली, तर आजार वाढला असे समजावयाचे, की लपविलेले रुग्ण पुढे आले असे समजावयाचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. म्हणून या क्षेत्रातील संशोधक ज्ञान, अभिवृत्ती आणि वर्तन या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. त्यांपैकी एकीत झालेला बदल दुसरीत उतरतोच असे नाही. किंबहुना गेल्या सुमारे सात दशकांच्या संशोधनाचा बराचसा इतिहास या तीन गोष्टींमधील अंतराचाच इतिहास आहे.

हे अंतर केवळ तात्त्विक महत्त्वाचे नाही. रुग्णालयातून बरी होऊन परतलेल्या व्यक्तीला भाड्याने खोली मिळते की नाही, पूर्वीच्या नोकरीवर परत घेतले जाते की नाही, घरातील विवाह जुळताना तिचा आजार लपविला जातो की नाही, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून असते. मानसिक आजार हा इतर आजारांसारखाच एक आजार आहे, हे वाक्य बरोबर आहे अशी खूण प्रश्नावलीत करणारा घरमालक तिला खोली देईलच, असे खात्रीने सांगता येत नाही.

संघटित लोकजागृतीचा आरंभ सामान्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मानसिक आरोग्य चळवळीपासून मानतात. क्लिफर्ड बीअर्स (१८७६–१९४३) या तरुणाने १९०० ते १९०३ या काळात कनेटिकट राज्यातील मनोरुग्णालयांत काढलेल्या दिवसांचा आणि तेथे भोगलेल्या छळाचा वृत्तांत १९०८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कनेटिकट येथे आणि १९०९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मानसिक आरोग्य समिती स्थापन झाली. पत्रके, व्याख्याने, प्रदर्शने व पुढे नभोवाणी ही या चळवळीची साधने होती. लोकांना कळले की ते सुधारतील, असा त्या पिढीचा दृढ विश्वास होता. यामुळेच आपल्या प्रचाराचा लोकांवर काय परिणाम होतो, हे मोजून पाहण्याची आवश्यकता चळवळीच्या पहिल्या चार दशकांत कोणाला फारशी वाटली नाही. किती पत्रके वाटली आणि किती व्याख्याने झाली, हेच यशाचे आकडे म्हणून वार्षिक अहवालांत छापले जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन कारणांनी परिस्थिती बदलली. सैन्यभरतीच्या वेळी मानसिक कारणांवरून नाकारलेल्या तरुणांची संख्या पाहून मानसिक आरोग्य हा राष्ट्रीय प्रश्न बनला; अमेरिकेत १९४६ मध्ये त्यासंबंधीचा कायदा आणि १९४९ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था अस्तित्वात आली. दुसरे म्हणजे, नमुना-पाहणीचे तंत्र तोवर बऱ्यापैकी विकसित झाले होते आणि प्रचाराच्या परिणामांविषयी शंका घेण्यास समाजशास्त्रज्ञ धजू लागले होते. हर्बर्ट हायमन व पॉल शीट्‌स्ली यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात माहितीप्रसाराच्या मोहिमा का फसतात याची कारणे मांडली. ज्यांना विषयात मुळात रस आहे तेच प्रचार ऐकतात आणि ऐकलेले ते आपापल्या पूर्वग्रहांनुसार समजून घेतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९४७-४८ मध्ये सिनसिनॅटी या शहरात संयुक्त राष्ट्रसंघाविषयी सहा महिने धडाक्याची प्रचारमोहीम राबविण्यात आली. मोहिमेपूर्वी व नंतर घेतलेल्या पाहण्यांत लोकांच्या ज्ञानात फरक जवळजवळ आढळला नाही. या मोहिमेचा अहवाल शर्ली स्टार व हेलन ह्यूज यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. विषय मानसिक आरोग्याचा नसला, तरी मोहिमेपूर्वी व मोहिमेनंतर पाहणी घेण्याची ही रीत पुढे या क्षेत्रात रूढ झाली. तिच्यातून निघणारा निराशाजनक निष्कर्षही बऱ्याच वेळा तोच राहिला.

याच शर्ली स्टार यांनी शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय लोकमत संशोधन केंद्रातर्फे १९५० साली सुमारे ३,५०० अमेरिकन प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेली पाहणी केली. या पाहणीचे वैशिष्ट्य म्हणजे लोकांना ‘वेड म्हणजे काय’ असे न विचारता सहा काल्पनिक व्यक्तींची छोटी वर्णने वाचून दाखविण्यात आली. त्यांत संशयग्रस्त व हिंसक बनलेला पुरुष, सर्वांपासून अलिप्त राहणारी अबोल तरुणी, सतत चिंतेने पोखरलेला गृहस्थ, मद्यपी, दाराला कुलूप लावले की नाही हे पुनःपुन्हा पाहणाऱ्या जातीची भयगंडग्रस्त स्त्री व खोटे बोलून चोऱ्या करणारा मुलगा अशा व्यक्ती होत्या. यांपैकी केवळ पहिल्या व्यक्तीलाच बहुसंख्य लोकांनी मानसिक रुग्ण मानले. मानसिक आजार म्हणजे हिंसा आणि बुद्धिभ्रंश, अशी सर्वसाधारण समजूत होती. सौम्य विकारांना लोक स्वभाव, वळण किंवा दुर्बलता म्हणत. स्टार यांचा हा अभ्यास ग्रंथरूपाने कधीच प्रसिद्ध झाला नाही. हस्तलिखित अहवाल आणि भाषणे यांच्या रूपानेच तो संशोधकांत फिरत राहिला. असे असूनही त्यांची ही वर्णने पुढील अर्धशतकभर अनेक देशांतील पाहण्यांत वापरली गेली. एका अप्रकाशित कामाने एवढा दीर्घ प्रभाव गाजविल्याची उदाहरणे समाजशास्त्रात थोडीच असतील.

सस्कॅचेवनचा प्रयोग : या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग कॅनडातील सस्कॅचेवन प्रांतात १९५१ मध्ये झाला. इलेन कमिंग ही समाजशास्त्रज्ञ आणि तिचा पती जॉन कमिंग हा मनोविकारतज्ञ यांनी तो केला. त्या काळी या प्रांतात मनोरुग्णांची व्यवस्था मुख्यतः नॉर्थ बॅटलफर्ड (१९१४) व वेबर्न (१९२१) येथील दोन प्रचंड रुग्णालयांत होत असे. रुग्णांना समाजात परत पाठवावयाचे, तर समाजाची मनोभूमिका आधी तयार केली पाहिजे, हा विचार प्रयोगामागे होता. सुमारे १,५०० वस्तीचे एक समृद्ध शेतकरी नगर त्यासाठी निवडण्यात आले. नगराची ओळख उघड होऊ नये म्हणून ग्रंथात त्याला ‘ब्लॅकफुट’ असे कल्पित नाव दिले आहे. तुलनेसाठी तशाच दुसऱ्या एका नगराची निवड करण्यात आली. त्याला ‘डिअरव्हिल’ म्हटले आहे. तेथे मोहीम न राबविता केवळ पाहणी करावयाची होती.

मोजमापासाठी दोन मापिका तयार करण्यात आल्या. पहिली सामाजिक अंतराची होती. १९२५ च्या सुमारास एमरी बोगार्डस याने वांशिक गटांविषयीची आपुलकी व दुरावा मोजण्यासाठी योजिलेल्या कल्पनेवर ती आधारलेली होती. मानसिक आजारातून गेलेल्या माणसाला शेजारी, सहकारी, भाडेकरू किंवा नातेवाईक म्हणून स्वीकारण्याची उत्तर देणाऱ्याची तयारी कोठवर आहे, हे तीवरून कळत असे. दुसरी मापिका सामाजिक जबाबदारीची होती; मानसिक आजाराच्या उद्‍भवाची व परिहाराची जबाबदारी समाजाची आहे असे उत्तर देणारा कितपत मानतो, हे ती दाखवी.

मोहीम सहा महिने चालली. चित्रपट, लहान गटांतील चर्चा, नभोवाणीवरील कार्यक्रम, स्थानिक वृत्तपत्रांतील मजकूर, वाचनालयातील पुस्तके असा सर्व सरंजाम होता. तीत तीन सूत्रे मांडली गेली : प्रत्येक वर्तनाला कारण असते, म्हणून ते समजून घेता येते व बदलता येते, सर्वसामान्य आणि अपसामान्य यांच्यात कडेकोट भिंत नसून एकच अखंड पट्टी आहे, आणि लोक समजतात त्याहून कितीतरी अधिक प्रकारचे वर्तन सर्वसामान्यच असते. यांपैकी पहिले सूत्र लोकांनी आनंदाने स्वीकारले; मुलांच्या संगोपनाविषयीच्या चर्चा त्यामुळे रंगल्या. दुसऱ्या सूत्राला मात्र विरोध झाला. आरंभीची उत्सुकता हळूहळू निरुत्साहात, नंतर अस्वस्थतेत आणि अखेर उघड वैरभावात बदलली. मोहिमेच्या शेवटी दुसरी पाहणी करण्यासाठी घरोघर जाणाऱ्या मुलाखतकारांचे स्वागत पहिल्या खेपेसारखे झाले नाही. नगरात यापुढे असे काही नको, असे त्यांना सुनावण्यात आले. आकडेवारीने या अनुभवास दुजोरा दिला. दोन्ही मापिकांवर मोहिमेपूर्वीच्या व नंतरच्या गुणांकांत लक्षणीय फरक नव्हता.

कमिंग दांपत्याने आपले अपयश झाकले नाही, हे त्यांच्या कामाचे मोठेपण. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातच, बाहेरच्याला आत येऊ न देता समाज आपली फळी कशी बंद करतो, हे सूचित केले आहे. त्यांच्या मते समाज मानसिक आजाराला तीन प्रकारे तोंड देतो. प्रथम तो आजार नाकारतो; विक्षिप्त वागणे शक्य तितका काळ स्वभावात जमा केले जाते. नाकारणे अशक्य झाले, की रुग्णाला दूरच्या रुग्णालयात वेगळे ठेवले जाते. मग त्या वेगळेपणाभोवती मौनाचे कवच उभे राहते. या व्यवस्थेत रुग्णावर अन्याय होतो, पण उरलेल्यांना आपण शहाणे आहोत ही खात्री तिच्यामुळेच मिळते. शहाणपण आणि वेड यांत भिंत नाही, असे सांगणारी मोहीम नेमकी याच खात्रीला धक्का देत होती. अज्ञान दूर करण्यास गेलेल्या कार्यकर्त्यांना आपण अज्ञानाशी नव्हे, तर एका उपयुक्त सामाजिक संरक्षक व्यवस्थेशी झुंजत आहोत, याची कल्पना नव्हती.

या स्पष्टीकरणावर आक्षेप घेता येतात. सहा महिने हा काळ फार थोडा आहे. घरोघर दोनदा जाऊन अवघड प्रश्न विचारणे हेच लोकांच्या चिडण्याचे एक कारण असू शकते आणि तसे असेल, तर मोजण्याच्या कृतीनेच मोजमापात व्यत्यय आणला असे म्हणावे लागेल. एका नगरावरून सर्व समाजाविषयी अनुमान काढणे तर धोक्याचेच. परंतु कार्ल डार्सी व जोन ब्रॉकमन यांनी १९७४ मध्ये त्याच नगरात पुन्हा पाहणी केली, तेव्हा मानसिक आजारांची लक्षणे ओळखण्याच्या बाबतीत मधल्या २३ वर्षांत विशेष फरक पडलेला त्यांना दिसला नाही. तोवर प्रांतातील रुग्णालयांची गर्दी ओसरली होती आणि रुग्ण समाजात परतू लागले होते. व्यवस्था बदलली होती, पण जुनी समजूत फारशी हललेली नव्हती.

इलिनॉय विद्यापीठातील जम ननली याने १९५४ पासून सहा वर्षे चालविलेल्या संशोधनाने (ग्रंथ १९६१) या चित्रात भर घातली. लोकांची माहिती चुकीची असण्यापेक्षा अपुरी असते. ती शिक्षणाबरोबर सुधारते. परंतु मनोरुग्णाविषयीची भीती व तिटकारा मात्र सुशिक्षितांत व अशिक्षितांत जवळपास सारखाच आढळतो, असे त्याला दिसले. आजाराची भीषणता रंगवून उपाय न सांगणारा प्रचार उलटा परिणाम करतो, हाही त्याचा एक निष्कर्ष होता. याच सुमारास ब्रिटनमध्ये बीबीसीने जानेवारी १९५७ मध्ये दूरचित्रवाणीवर मानसिक आजारांविषयी पाच भागांची मालिका दाखविली आणि विल्यम बेल्सन या संशोधकाकडून तिच्या परिणामांची पाहणी करविली. दूरचित्रवाणीच्या परिणामांचा इतक्या लवकर झालेला हा अभ्यास होय. दुसरीकडे, पॉल लेम्काउ व ग्विडो क्रोसेटी यांनी १९६२ मध्ये बॉल्टिमोर येथील पाहणीवरून लोक आता मानसिक आजार ओळखू लागले असून रुग्णांचा स्वीकारही करू लागले आहेत, असा आशावादी निष्कर्ष काढला. त्यावर पुढील दशकभर वाद झडला. लोक खरेच बदलले की संशोधकांना काय ऐकावयाचे आहे हे त्यांना उमगले, हा त्या वादाचा मुख्य मुद्दा होता. तो आजही निकालात निघालेला नाही.

यानंतर या विषयाकडे काही काळ दुर्लक्ष झाले. नवीन औषधांमुळे रुग्णालये रिकामी होऊ लागली आणि प्रचारापेक्षा उपचारव्यवस्थेकडे लक्ष वळले. १९९० नंतरच्या दशकात मात्र राष्ट्रीय पातळीवरील मोहिमांची लाट आली. १९९२ पासून १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळण्यात येऊ लागला. त्याच वर्षी ब्रिटनमधील मनोविकारतज्ञ व सर्वसाधारण वैद्य यांच्या दोन शाही महाविद्यालयांनी मिळून ‘डिफीट डिप्रेशन’ ही पाच वर्षांची मोहीम सुरू केली. मोहिमेच्या तोंडावर २,००३ व्यक्तींच्या पाहणीत आढळले, की विषण्णतेच्या रुग्णांना समुपदेशन द्यावे असे ९१ टक्के लोकांना वाटत होते, तर औषधे द्यावीत असे म्हणणारे केवळ १६ टक्के होते. ही औषधे व्यसन लावतात, अशी ७८ टक्के लोकांची समजूत होती. १९९५ व १९९७ मध्ये पाहणी पुन्हा झाली. अनेक प्रश्नांवर अनुकूल मतात ५ ते १० टक्क्यांची वाढ दिसली. हा बदल नगण्य नाही. पण तो मोहिमेमुळेच घडला असे म्हणण्यास आधार नव्हता, कारण मोहीम संपूर्ण देशात असल्याने तुलनेसाठी तिच्यापासून दूर राहिलेला प्रदेशच उरला नव्हता. याच काळात विषण्णतेवरील नव्या औषधांची वृत्तपत्रांतून जोरात चर्चा चालू होती. कमिंग दांपत्याने १९५१ मध्ये घेतलेली खबरदारी चाळीस वर्षांनंतरच्या राष्ट्रीय मोहिमेत घेता आली नाही, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

ही त्रुटी ऑस्ट्रेलियात योगायोगाने भरून निघाली. अँथनी जॉर्म व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २,०३१ प्रौढांना विषण्णता किंवा छिन्नमानस असलेल्या काल्पनिक व्यक्तीचे वर्णन वाचून दाखविले. विषण्णता ३९ टक्क्यांनी व छिन्नमानस २७ टक्क्यांनी ओळखले. विषण्णतेवरील औषधांना उपकारकापेक्षा अपायकारक समजणारे अधिक होते. जीवनसत्त्वांवर मात्र अनेकांचा भरवसा होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘मानसिक आरोग्य-साक्षरता’ ही संकल्पना रूढ झाली. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये ‘बियाँडब्लू’ हा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. काही राज्यांनी त्यास आरंभी निधी दिला, तर काहींनी दिला नाही. त्यामुळे मोहिमेचा संपर्क राज्याराज्यांत कमीअधिक राहिला. १९९५ व २००३-०४ या वर्षांतील पाहण्यांची तुलना केली असता, अधिक संपर्काच्या राज्यांत विषण्णता ओळखण्याचे प्रमाण आणि समुपदेशन, औषधे व वेळीच मदत घेणे यांवरील विश्वास जास्त वाढल्याचे दिसून आले. परंतु कमी संपर्काच्या राज्यांतही सुधारणा झालेलीच होती. म्हणजे बदलाचा काही भागच मोहिमेच्या पदरात टाकता येतो. उरलेला भाग त्या काळाचा.

मत नव्हे तर कृती मोजावी, या आग्रहातून जर्मनीतील न्यूरेंबर्गचा उपक्रम (२००१-०२) आकारास आला. उलरिख हेगर्ल याच्या नेतृत्वाखालील या उपक्रमात सर्वसाधारण वैद्यांचे प्रशिक्षण, लोकजागृती, धर्मगुरू, शिक्षक, पोलीस आदींचे सहकार्य व संकटग्रस्तांसाठी तातडीची मदत अशा चार पातळ्यांवर काम झाले. वुर्ट्‌सबर्ग हे शहर तुलनेसाठी घेण्यात आले. आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न मिळून २००० साली न्यूरेंबर्गमध्ये ६२० घटना नोंदल्या गेल्या होत्या. २००१ मध्ये ५०० व २००२ मध्ये ४७१ झाल्या, म्हणजे दोन वर्षांत २४ टक्क्यांची घट झाली. वुर्ट्‌सबर्गच्या तुलनेत ही घट लक्षणीय ठरली. तथापि केवळ पूर्ण झालेल्या आत्महत्यांचा विचार केल्यास दोन शहरांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. पाच लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या शहरात आत्महत्यांची वार्षिक संख्या इतकी थोडी असते, की योगायोगाने होणारे चढउतार व मोहिमेचा परिणाम वेगळे काढणे दुरापास्त होते. शिवाय चार उपायांपैकी कोणत्या उपायाने किती काम केले, हेही या रचनेतून सांगता येत नाही. असे असले, तरी मोहिमेचे मोल प्रश्नावलीबाहेर जाऊन तपासण्याचा हा महत्त्वाचा टप्पा होय. या नमुन्यावर पुढे युरोपातील अनेक देशांत उपक्रम सुरू झाले.

दरम्यान लोकजागृतीच्या आशयाविषयीच शंका उपस्थित झाल्या. मानसिक आजार हा मेंदूचा आजार आहे, असे सांगितल्याने रुग्णाला दोष देणे थांबेल, अशी अपेक्षा अनेक दशके बाळगली गेली होती. स्टार यांच्या १९५० च्या पाहणीशी १९९६ ची पाहणी ताडून पाहता, मानसिक आजाराची लोकांची कल्पना पूर्वीपेक्षा व्यापक झाल्याचे दिसले. परंतु गंभीर मनोरुग्णांचे वर्णन करताना हिंसेचा उल्लेख करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे अडीच पट झाले होते. बर्निस पेस्कोसोलिडो व सहकाऱ्यांनी १९९६ व २००६ या वर्षांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध केली. विषण्णतेचे मूळ मेंदूच्या जैविक कारणांत शोधणाऱ्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले होते आणि उपचारांना पाठिंबाही वाढला होता. रुग्णापासून दूर राहण्याची इच्छा मात्र कमी झाली नव्हती. ज्ञानाच्या परीक्षेत समाज उत्तीर्ण झाला होता, परंतु शेजार देण्यास अजून तयार नव्हता.

इंग्लंडमधील ‘टाइम टु चेंज’ (२००७–२१) ही मोहीम परिणाममापनाच्या दृष्टीने सर्वांत काळजीपूर्वक आखलेल्या मोहिमांपैकी एक होय. मूल्यमापनाचे काम लंडन येथील मनोविकारशास्त्र संस्थेतील ग्रॅहम थॉर्निक्रॉफ्ट, क्लेअर हेंडरसन आदींकडे होते. नुसते मत न विचारता, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबरोबर राहणे, काम करणे, शेजार करणे व मैत्री टिकविणे या चार बाबतींत उत्तर देणाऱ्याने प्रत्यक्षात काय केले आहे व पुढे काय करील, हे नोंदविणारी मापिका त्यासाठी बनविण्यात आली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, ज्यांच्यासाठी हा सर्व खटाटोप चालतो त्या रुग्णांनाच त्यांचा अनुभव विचारण्यात आला. मागील वर्षभरात निदान एका बाबतीत तरी भेदभाव सोसावा लागला, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २००८ मध्ये ९१ टक्के होते. २०११ मध्ये ते ८८ टक्के झाले. आप्तेष्ट व मित्र यांच्याकडून होणारा भेदभाव कमी झाला होता. खुद्द मानसिक आरोग्यसेवकांच्या वागणुकीत मात्र तशी सुधारणा दिसली नाही. ज्यांना सर्वांत अधिक माहिती होती, त्यांच्याच बाबतीत आढळलेली ही गोष्ट माहितीवर सर्व भिस्त ठेवणाऱ्यांना विचार करावयास लावणारी आहे. या पाहणीस प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण कमी असल्याने तिचे आकडे जपून वापरावे लागतात. वृत्तपत्रांच्या पाहणीत सहानुभूतीचे लेखन वाढल्याचे दिसले, पण पूर्वग्रहदूषित लेखन त्या प्रमाणात घटले नव्हते. सर्वसाधारण जनतेच्या अभिवृत्तीत पुढील वर्षांत हळूहळू पण निश्चित सुधारणा होत गेली. मोहीम मार्च २०२१ मध्ये निधीअभावी बंद झाली. २०१९ मध्ये गाठलेली पातळी २०२३ च्या पाहणीत सर्व बाबतींत टिकून राहिलेली दिसली नाही.

विखुरलेल्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण अलीकडील काळात झाले आहे. पॅट्रिक कॉरिगन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १४ देशांतील ३८,३६४ व्यक्तींवरील संशोधनाचा आढावा घेतला. मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्तीशी प्रत्यक्ष संपर्क घडविणे हे प्रौढांच्या बाबतीत माहिती देण्यापेक्षा अधिक परिणामकारक, तर किशोरांच्या बाबतीत शिक्षण अधिक परिणामकारक, असे त्यांना आढळले. जनसंपर्क माध्यमांविषयीच्या २२ नियंत्रित प्रयोगांचे (४,४९० व्यक्ती) परीक्षण २०१३ मध्ये झाले. पूर्वग्रह काहीसा कमी होतो, परंतु प्रत्यक्ष भेदभाव कमी होतो की नाही हे सांगण्यास पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. यांतील बरेचसे प्रयोग विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. घरमालक, कारखान्यातील पर्यवेक्षक किंवा मुलीचे स्थळ पाहणारा बाप यांच्यावर ते झालेले नाहीत.

भारत : जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नरेंद्रनाथ विग व सहकाऱ्यांनी भारत, सूदान व फिलिपीन्स येथील गावांतील जाणत्या व्यक्तींना मनोविकारांची वर्णने ऐकवून समाजाची प्रतिक्रिया अजमावली. भारतातील क्षेत्र हरयाणातील रायपूर राणी हे होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासून त्याची जिल्हा पातळीवरील योजना सुरू झाली. लोकशिक्षण हा तिचा घोषित भाग होता. मात्र त्याचा हिशेब बहुधा भित्तिपत्रके, शिबिरे व खर्च यांच्याच आकड्यांत राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३० ने लोकजागृती करणे व आजाराचा कलंक कमी करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा राज्यांत निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते. पाहणीच्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

महाराष्ट्रात मराठी वाचक-प्रेक्षकांपर्यंत हा विषय पोहोचविण्याचे काम पुणे, ठाणे आदी ठिकाणच्या स्वयंसेवी संस्थांनी १९९० नंतर नेटाने केले. छिन्नमानसाच्या रुग्णावरील देवराई (२००४) हा मराठी चित्रपटही याच वातावरणातला. अशा कलाकृतीचा परिणाम प्रश्नावलीत पकडणे जाहिरातीच्या परिणामापेक्षाही अवघड असते. मोजमाप झालेले राज्यातील ठळक उदाहरण विदर्भातील आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबविण्यात आला. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेचा त्यात सहभाग होता. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलणे, लहान गटांच्या सभा घेणे, प्रथमोपचाराच्या धर्तीवर मानसिक आधार देणे व गरज पडल्यास समुपदेशक आणि तज्ञ यांच्याकडे पाठविणे, अशी त्याची रचना होती. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, विषण्णतेच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. येथे तुलनेसाठी मोहिमेबाहेरची गावे घेतलेली नव्हती. जागृती आणि सेवा या दोन्ही एकाच वेळी गावात आल्या होत्या. त्यामुळे वाढीतील किती वाटा लोकांना आजार कळल्याचा आणि किती वाटा उपचार घराजवळ उपलब्ध झाल्याचा, हे या आकड्यांतून वेगळे करता येत नाही.